मागे राहणाऱ्याची फाईल

"कंपनीचं नाव काय?"

परदेशी निघालेल्या माणसाला काकांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. तो समोरच्या खुर्चीत नवा शर्ट घालून बसलेला असे, उत्तर त्याच्या तोंडावर असे, पण काका विचारत त्याच्या बायकोला. बायको नसेल तर आईला, आई नसेल तर भावाला. बाई गांगरून नवऱ्याकडे बघायची आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणायची, "मलेशिया." की काकांची लाकडी पट्टी टेबलावर आपटलीच.

"मलेशिया देश हाये बाई. कंपनी कोनती? उद्या हा हरपला तं कोनाले विचारशीन, देशाले?"

ही तोंडी परीक्षा रायपूरच्या शंकर नगरमधल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत रोज चाले, आणि शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटरपुढे बसून मी ती सहा वर्षं ऐकली. कंपनीचं नाव, शहराचं नाव, पासपोर्ट कधी संपतो, व्हिसा कोणता आहे, आणि तिकडच्या आपल्या वकिलातीचा फोन नंबर. सगळं न बघता सांगायचं. नापास झालं तर आठ दिवसांनी पुन्हा यायचं, आणि तोवर नवऱ्याचे कागद ड्रॉवरमध्ये पडून राहणार. पुरुष वैतागायचे. "जाना मेरे को है, परीक्षा इसकी काहे को?" असं पुटपुटायचे. काकांना अशा वेळी ऐकू कमी यायचं.

लग्न होऊन मी नागपूरहून रायपूरला आले तेव्हा राज्य नवंनवं होतं. कापडाच्या दुकानापासून सलूनपर्यंत जो तो पाटीवर 'राजधानी' लिहून घेत होता. माझा नवरा सरकारी बांधकाम खात्यात. सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा, आणि मी घरात भिंतींशी बोलायच्या बेताला आले होते. माझे सासरे आणि काका गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर एकाच टेबलाला बसून नोकरी केलेले. निवृत्त झाल्यावर काका रायपूरला आले आणि मलेशियाला कामाला जाणाऱ्यांचे कागद करून देऊ लागले. मला टायपिंग येत होतं. सासऱ्यांनी चिठ्ठी दिली, मी ती घेऊन गेले. काकांनी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून ये सूनबाई. पन आधीच सांगतो, मी लय बोलतो." याचा अर्थ मला पहिल्याच दुपारी कळला, एका अर्जात मी कंपनीच्या पत्त्यातला एक आकडा चुकवला तेव्हा.

काका अंगाने किडकिडीत, उंच. रायपूरच्या मे महिन्यातसुद्धा शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं. पासपोर्ट हातात घ्यायच्या आधी ते साबणाने हात धूत आणि टॉवेलला नाही, वाऱ्यावर वाळवत. टेबलावर पासपोर्ट असेल तर त्या टेबलावर चहा टेकवायचा नाही, असा नियम. पाहुणा असो की पडताळणीला आलेला पोलीस, कप हातात धरूनच प्यायचा. एका ठाणेदाराने एकदा चुकून बशी टेकवली. काका उठून उभे राहिले आणि तो कप उचलेपर्यंत उभेच राहिले.

गंमत अशी की काकांकडे स्वतःचा पासपोर्टच नव्हता. नागपूरच्या पुढे ते आयुष्यात दोनदा गेलेले, दोन्ही वेळा कुणाच्या तरी तेराव्याला. पण मलेशियातल्या कोणत्या शहरात कोणते कारखाने, तिथे उतरल्यावर कोणती डॉक्टरी तपासणी होते, परमिटचा कागद पासपोर्टच्या पानावर कधी चिकटवतात, हे त्यांना तोंडपाठ. "काका, एकदा जाऊन तरी या," असं मी म्हटलं की म्हणत, "मी गेलो तं मागं फाईल कोन ठेवीन?" काकू वारल्या होत्या आणि मुलगा पुण्याला. मी तेव्हा हसत असे. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

दारावर पाटी होती: 'परदेशी नोकरीचे कागद. फिरायला जाणाऱ्यांनी दुसरीकडे जावे.' कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर तेव्हा एक शिक्का असायचा, की कामासाठी जायचं तर आधी सरकारची परवानगी घ्या. त्या परवानगीला तिकडच्या कंपनीचं पत्र हवं, करार हवा, विमा हवा. पासपोर्टच मुळी भोपाळहून यायचा. चार-सहा महिने कुठेच गेले नाहीत. बाहेरचे एजंट सोपी वाट दाखवत: फिरायला जायचा व्हिसा काढा आणि तिकडे उतरून कामाला लागा. असा कुणी वाट चुकून आमच्याकडे आला की काका त्याला मायेने बसवून घेत.

"फिरायले चालला? वा वा. काय काय पाहशीन?"

"समंदर," पोट्टा म्हणायचा.

"मंग?"

बराच विचार करून तो म्हणायचा, "समंदर ही."

"दोन वर्स समुंदर पाहशीन? इथं रायपुरात उरल्याच्या कारखान्यात तुले किती दिवसाची सुट्टी मिळते रे?" मग काका डोळे मिटत. "आपन गोरा मानूस दिसला का त्याले फॉरेनर म्हनतो. तिथं उतरला का फॉरेनर तू. आन् गोऱ्याकडं पाह्यतात तसं तुह्याकडं कोनी पाहनार नाई. खिशात कागद हाये तोवर मानूस, नाई तं..." पुढचं ते कधीच बोलत नसत. पोट्टा उठून जायचा आणि बहुतेक वेळा पुढच्या चौकातल्या एजंटकडे जायचा.

दोन फायलींचं वेड त्यांनी मालधक्क्यावरून आणलं होतं. "रेल्वेनं माल सुटला का मागं बिल्टी राहते, मालाची पावती," ते सांगत. "ज्याच्या हातात बिल्टी, त्याचा माल. मानूस सोडता आन् बिल्टी नाई ठेवत, हे कोनतं शानपन?" म्हणून प्रत्येकाची निळी फाईल जाणाऱ्याबरोबर जाई आणि पिवळी मागे राहणाऱ्याकडे. पिवळीत प्रत्येक कागदाची प्रत. तिकडे परमिट मिळालं की त्याचीही प्रत मागवून पिवळीत लावायची आणि बाईने येऊन तारीख पाठ म्हणून दाखवायची. परमिट एका वर्षाचं आणि त्याच कंपनीपुरतं. "परमिट मानसाचं नसते, जागेचं असते. जागा सोडली का परमिट गेलं," हे काका इतक्यांदा म्हणत की मला झोपेतही ऐकू यायचं. प्रत्येकाचं नाव, कंपनी आणि तारीख लिहिलेलं एक कार्ड काकांच्या टेबलावरच्या पेटीत असे; ते बघून परमिट संपायच्या तीन महिने आधी काका घरी पोस्टकार्ड टाकत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी त्यांचे आभारही मानत नसे.

बोलणं मात्र भयंकर. रायपूरच्याच भनपुरी वस्तीतला एक वेल्डर तिकडे मुकादमाशी भांडला आणि काम सोडून मित्राच्या खोलीवर जाऊन बसला. बायकोला फोनवर त्याने हे सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी पिवळी फाईल छातीशी धरून हजर. काकांनी तिला, तिच्या नवऱ्याला आणि त्या नवऱ्याला जन्म देणाऱ्यांना असं काही झाडलं, की रस्त्यावरचा भाजीवाला गाडी थांबवून ऐकत उभा राहिला. मग खुर्ची ओढली आणि मला कंपनीच्या नावाने विनंतीचं पत्र सांगितलं, त्यात चार वेळा 'सर' घातलं. तासाभरात फॅक्स गेला. आठवड्यात वेल्डर कामावर परत. "कंपनीनं 'पळाला' म्हनून सरकारले कळवलं का संपलं," काका मला म्हणाले. "त्याच्या आंधी आपलं पत्र पोचलं पाह्यजे. पयल्या आठ-पंधरा दिवसांत सगळं होते सूनबाई. मंग काईच होत नाई." हे मला नीट माहीत होतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

पण वेल्डरच्या बायकोसारखी कातडी सगळ्यांची नसते. एक म्हातारी यायची, मुलगा तिकडे प्लायवुडच्या कारखान्यात. तिला परमिटची तारीख काही केल्या आठवेना. खोलीत सात-आठ माणसं बसलेली. काका म्हणाले, "पोराची तारीख ध्यानात नाई, आन् त्याच्या पैशानं आलेली साडी कोनत्या दिवशी आली थे बराबर ध्यानात असन." म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली, आणि बसलेले सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. त्या दिवशी मी काकांशी भांडले.

"म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का, काका?"

"मंग गोड बोलू? गोड बोलनारे बाहीर लय बसले हायेत."

"तुमचं बोलणं ऐकून उद्या कुणी येणारच नाही."

"न येऊ दे," काका म्हणाले आणि आत झोपायला गेले. दुपारी दोन ते तीन ते झोपत, आभाळ कोसळलं तरी.

आता दुर्गाचं सांगायला हवं. ती आणि तिचा नवरा हेमराज गोंदियाकडचेच, भनपुरीला भाड्याच्या खोलीत राहायचे. हेमराज उरल्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात तापलेली लाल सळई चिमट्याने धरून यंत्रात घालायचं काम करायचा. मलेशियात त्याला तसंच काम मिळालं. दुर्गा चौथी शिकलेली. कंपनीचं इंग्रजी नाव तिच्या जिभेवर बसेना, ती तीनदा नापास झाली. चौथ्या वेळी आली ती तयारी करूनच. नळावरच्या रांगेत उभं राहून आठ दिवस तिने तेच एक घोकलं होतं. कंपनी, शहर, तारखा, फोन नंबर, सगळं तिने एका दमात म्हटलं. काका डोळे मिटून ऐकत होते. "पास," ते म्हणाले. दुर्गाला इतका आनंद झाला की ती खाली बसूनच हसायला लागली, आणि काकांनी स्वतः उठून चहा केला.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. परमिटचं नवं वर्ष लागलं तेव्हा काकांचं पोस्टकार्ड पोचायच्या आधीच दुर्गा प्रत घेऊन आली. काका तिला 'आपली हुशार पोट्टी' म्हणू लागले. नवी बाई अडखळली की सांगत, "चौथी शिकलेल्या दुर्गाले येते, तुले काहून नाई येत?" दुर्गा खोलीत असली तर लाजून दाराकडे बघायची.

म्हातारीचा तो प्रसंग झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, दुर्गा दारात उभी राहिली. काका झोपायला गेले आहेत हे तिला माहीत होतं. ती त्याच वेळेला आली होती.

"दीदी, काका झोपले का?"

"हो. ये ना."

ती आत आली पण बसली नाही. हेमराजचा हात सळईने कोपरापर्यंत भाजला होता. कंपनी दुसरं काम देईना, आणि तशा हाताने भट्टीपुढे उभं राहणं त्याला जमेना. ओळखीच्या एकाने त्याला लाकडी सामानाच्या कारखान्यात लावून घेतलं. पासपोर्ट जुन्या कंपनीच्या कपाटात. जुनी जागा सोडून पाच दिवस झाले होते.

"काकाले सांगू नका दीदी," ती म्हणाली. "ते मले सगळ्यांपुढं हुशार म्हनतात. आता काय म्हनतीन? दिवाळीपावतर तो काईतरी करतो म्हनते."

मी तिचा हात हातात घेतला. "नाही सांगत. तू जा निश्चिंत."

ती गेली. तीन वाजता काका तोंडावर पाणी मारून बाहेर आले.

"कोन आलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

त्यानंतर दुर्गा महिन्यातून दोनदा तरी यायची, नेहमी दोन ते तीनच्या मध्ये. मी तिच्यासाठी चहा करून ठेवत असे. हेमराज बरा आहे, हात सुकला, नवा मालक रागावत नाही, असं ती सांगायची. मी तिला धीर द्यायचे. त्या खोलीत माझ्यापाशी मन मोकळं करायला कुणीतरी येतं, याचं मला फार बरं वाटायचं. पंधरा दिवस उलटून गेले, महिना उलटला, दिवाळीही होऊन गेली. काकांच्या पेटीतलं हेमराजचं कार्ड आपल्या जागी होतं आणि त्यावर जुन्याच कंपनीचं नाव होतं.

चौथ्या महिन्यात त्या लाकडी सामानाच्या कारखान्यावर धाड पडली. ज्यांच्याकडे कागद नव्हते त्या सगळ्यांना नेलं. हेमराजच्या सोबत्याने फोन करून दुर्गाला कळवलं, पण सोडतील आज-उद्या, असं म्हणत तिने तीन आठवडे काढले. मग ती माझ्याकडे आली, ओठ सुकलेले. आता काकांना सांगण्यावाचून गत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, काका टेबलाशी असताना, ती पिवळी फाईल घेऊन आली आणि तिने सगळं सांगितलं. माझं नाव तेवढं घेतलं नाही.

मी पट्टी आपटायची वाट बघत होते. पट्टी काकांच्या हातात होती. ती त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

"किती दिवस झाले जागा सोडून?"

"साडेचार महिने."

"मले काहून नाई सांगितलं बाई?"

"तुमच्या बोलन्याचं भेव वाटलं," दुर्गा म्हणाली.

काकांनी फाईल पुढे ओढली आणि एकेक कागद उलटत गेले. मी कीबोर्डकडे बघत होते. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. एवढी वर्षं त्यांना उलट उत्तरं देणारी मी, त्या दिवशी दातखीळ बसल्यासारखी बसून राहिले.

त्यानंतर काकांनी पत्रांवर पत्रं लिहिली. वकिलातीला, जुन्या कंपनीला, तिकडच्या तुरुंगाच्या पत्त्यावर, दिल्लीला, ज्याला कुणाला लिहिता येईल त्याला. जुन्या कंपनीने दोन ओळींत कळवलं, की हा माणूस पळून गेल्याची नोंद आम्ही चौथ्या आठवड्यातच केली आहे. चौथ्या आठवड्यात, म्हणजे दुर्गा मला सांगून गेल्यावर तीन आठवड्यांनी. ते पत्र काकांनी मला वाचून दाखवायला लावलं, कारण त्यांचा चष्मा तुटला होता. मी सगळं पत्र वाचलं.

हेमराज आत होता तेव्हा काकांनी ती परीक्षा बंद केली. नवी बाई आली की पट्टी ड्रॉवरमध्येच राही. "हे लिहून देतो. जमलं तं वाचजो," एवढंच म्हणत. बाया खूश झाल्या, पुरुष तर फारच. आणि कुणालाही काही आठवेनासं झालं. एका बाईने तर पिवळी फाईल पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली होती. काका ते ऐकून "बरं" म्हणाले. पूर्वीचे काका असते तर शंकर नगर हादरलं असतं. मला वाटायचं, आता निदान एकदा तरी ओरडा हो.

हेमराज चौदा महिन्यांनी आला, वकिलातीने दिलेल्या एका कागदी दाखल्यावर, पासपोर्टशिवाय. आल्यावर आठवड्याने नवरा-बायको आमच्याकडे पेढे घेऊन आले. मी त्याला ओळखलंच नाही. गालांची हाडं वर आलेली, आणि दर चार शब्दांनंतर खोकला. तुरुंगातच त्याला छातीचा आजार लागला होता. काकांनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं.

"काका, तुमची पत्रं पोचत होती म्हने," तो म्हणाला. "आन् दीदीचे तं लय उपकार. दुर्गा सांगते, दीदी नसती तं मी येडी झाली असती. मी जागा सोडली तईपासून दीदीले सगळं माहीत, पन शब्द पाळला. तुमाले कळू नाई देलं."

दुर्गाने त्याची बाही ओढली. त्याला ते कळलं नाही, तो माझ्याकडे बघून हसत होता. काकांच्या हातात अर्धा पेढा होता. तो त्यांनी तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, वर पाणी प्यायले आणि हेमराजला विचारलं, "हात दाखव. कोपरात वाकते का?" मग पाच-दहा मिनिटं ते दवाखान्याबद्दल बोलत राहिले. कोणत्या सरकारी दवाखान्यात जायचं, कोणत्या वारी. नवरा-बायको गेले.

काका दार लावून परत आले. बसले.

"तिनं तुले कितव्या दिवशी सांगितलं होतं?"

"पाचव्या."

"पाचव्या," ते म्हणाले. पाचव्या दिवसाचा अर्थ आम्हा दोघांनाही सारखाच कळत होता. वेल्डरचा फॅक्स मीच टाईप केला होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला बरं झालं असतं.

"सूनबाई, तुले बी माहं भेव वाटत होतं का?"

"हो," मी म्हटलं.

"मंग बराबर हाये," काका म्हणाले. "चूक माहीच."

ते खोटं होतं. मला काकांची भीती कधी वाटलीच नाही. सहा वर्षं ते मला बोलले आणि सहा वर्षं मी त्यांना उलट बोलले, आणि संध्याकाळी दोघं मिळून पोहे खाल्ले. त्या दुपारी मला काकांवर राग होता. म्हातारीच्या वेळी मी त्यांना सांगितलं होतं, की तुमच्या बोलण्याने माणसं येणार नाहीत, आणि दोन-तीन दिवसांतच दुर्गा माझ्याकडे आली. मी जिंकले होते. शिवाय त्या खोलीत सगळे घाबरत ते काकांना, आणि चांगली म्हणून कुणाचं नाव घ्यायचं तर ते माझं असावं, एवढीच माझी हाव होती. त्यासाठी मी पाच दिवसांचे पंधरा होऊ दिले. हे मी तेव्हा सांगू शकले असते. 'हो' म्हणणं सोपं होतं.

हेमराज दोन वर्षं जगला. भनपुरीत एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामावर बसून राखण करायचा, तेही शेवटी जमेना. तो गेल्याचं कळलं तेव्हा काकांनी कागदांचं काम सोडून दिलं होतं आणि मीही दुसरीकडे लागले होते, पण काकांनी मला निरोप धाडला, आणि आम्ही रिक्षाने बरोबर गेलो. खोलीत बाया बसल्या होत्या. काका आत गेले नाहीत. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. दुर्गा उठून दारापाशी आली.

काकांनी तिच्यापुढे हात जोडले. मी त्यांना कधी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"माह्या तोंडापायी झालं हे बाई," ते म्हणाले. "मी गोड बोललो असतो तं तू मले सांगितलं असतं."

दुर्गाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी खाली वाकून काकांच्या चपला त्यांच्या पायांपाशी नीट लावल्या आणि म्हटलं, "चला काका, ऊन वाढून राहिलं."